विद्यापीठानं शेजारच्या वस्तीसाठी काय करावं? आधी झाडू खाली ठेवा

एका प्राध्यापकांचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. त्यांच्या विद्यापीठात व्हॉलंटियर विद्यार्थी भरपूर आहेत, शाश्वततेचं धोरण छापून तयार आहे, कुलगुरूंचा पाठिंबा आहे, थोडाफार निधी पण आहे, पण कॅम्पसच्या भिंतीपलीकडच्या लोकांना या सगळ्याचा नेमका काय उपयोग होतो असं कुणी विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. तर सुरुवात कुठून करावी, आणि अशा कामाला विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमात धरले जाणारे क्रेडिट द्यायचे का? मी या कामात पंचवीसेक वर्षं आहे, आधी विद्यार्थ्यांची शिबिरं घ्यायचो, मग विस्तार विभाग (म्हणजे कॅम्पसबाहेरच्या लोकांसोबतचं काम बघणारा) सांभाळला, आता नुसता सल्ला देत फिरतो (ज्याला काम उरत नाही तो सल्ला देतो, चालायचंच). उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट माझ्याच फजितीची. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती, तेव्हा मला वाटायचं की दोनशे पोरं गोळा केली की काहीही करता येतं. वस्तीमागचा ओढा साफ करायचा ठरलं. हातमोजे, टोप्या, बॅनर, पाहुणे, सगळं जोरात. तीन तासांत पोरांनी काठावरचं प्लास्टिक, चिंध्या, फुटक्या बाटल्या अशी शे-दीडशे पोती भरली, रस्त्याकडेला रचली, फोटो काढले आणि आम्ही बसमध्ये बसून निघून गेलो. पोती उचलायला गाडी येणार होती ती आलीच नाही, कारण गाडीवाल्याला सांगायचं काम दुसऱ्यानं केलं असणार असं आमच्यातल्या प्रत्येकाला वाटलं होतं. चार दिवसांत कुत्र्यांनी पोती फाडली, वाऱ्यानं कचरा घराघरात शिरला, म्हणजे जो कचरा ओढ्यात पडून होता तो आम्ही उचलून लोकांच्या दारात नेऊन ठेवला. मी माफी मागायला गेलो तर एक बाई म्हणाल्या, "साहेब, उचलायला आम्हालाही येतं, आमचे हात काय मोडलेत का, गाडी का येत नाही तेवढं बघा की."

यावर काय बोलणार? गप्प बसलो. मग दोनशेच्या जागी चार पोरं घेतली आणि एक वही. वस्तीतल्या दोन मुली आणि ही चार पोरं मिळून दोन महिने रोज नोंद ठेवायची, गाडी आली का, किती वाजता आली, कुठल्या कोपऱ्यापर्यंत आली, किती वेळ थांबली, बस इतकंच. दोन महिन्यांनी वही उघडली तर कळलं की गाडी येत होती, पण निम्मी वस्ती कामाला गेल्यावर येत होती, आणि आतल्या बोळात ती वळूच शकत नव्हती त्यामुळे आतले लोक ओढ्यातच टाकत होते, दुसरं करणार काय. तो कागद घेऊन लोक स्वतः कचेरीत गेले, आम्ही मागं उभे होतो. गाडीची वेळ बदलली, बोळासाठी ढकलगाडी मिळाली. ओढा काही चकाचक झाला नाही, खोटं कशाला बोलू, पण कचरा पडायचा निम्म्यानं तरी कमी झाला असेल.

नंतर कधीतरी वाचलं तेव्हा कळलं की आपण काही फार नवीन केलेलं नव्हतं. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागात सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या जोडप्यानं टॉयन्बी हॉल सुरू केला, ऑक्सफर्ड केंब्रिजच्या पोरांनी गरिबांच्या वस्तीत येऊन राहायचं, दिवसभर येऊन संध्याकाळी परत जायचं नाही, असा तो प्रकार. तो बघून आलेल्या जेन ॲडम्स यांनी एलन गेट्स स्टार यांच्यासोबत १८८९ मध्ये शिकागोत हल हाऊस काढलं. आणि या जेन ॲडम्स बाईंनी काय करावं, तर १८९५ मध्ये आपल्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक म्हणून नेमणूक घेतली आणि पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांच्या मागं फिरायच्या. म्हणजे आमची वही शंभर वर्षं उशिराच आली म्हणायची.

तर पहिला सल्ला हा, की वर्षाचं कॅलेंडर छापायच्या आधी विचारा. पण विचारायचं कसं यातच सगळी मेख आहे. साठ प्रश्नांचा सर्व्हे फॉर्म घेऊन पोरं दारोदार पाठवू नका, लोक कंटाळलेत त्याला, दर दोन वर्षांनी कुणीतरी येऊन घरात माणसं किती, शौचालय आहे का, उत्पन्न किती हे विचारून जातं आणि परत तोंड दाखवत नाही. मी एकच प्रश्न विचारतो, तुमच्या आधी कोण कोण येऊन गेलं आणि जाताना काय ठेवून गेलं? या एका प्रश्नात तासभर निघतो. बंद पडलेली शिलाई मशीनं, कुलूप लागलेलं वाचनालय, गंजलेला पाण्याचा फिल्टर, बोर्डावरचं पुसट नाव, सगळा इतिहास बाहेर येतो. त्यातून तुम्हाला काय करू नये ते कळतं, आणि काय करावं यापेक्षा ते जास्त कामाचं असतं.

(जाता जाता, 'दत्तक' हा शब्द मला अजिबात आवडत नाही. गाव दत्तक घेतलं, वस्ती दत्तक घेतली. अहो गाव तुमच्या विद्यापीठाच्या कितीतरी पिढ्या आधीपासून तिथं आहे, कोण कुणाला दत्तक घेतंय? शेजारी म्हणा की साधं.)

१९६८ मध्ये इव्हान इलिच या विचारवंतानं मेक्सिकोत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं आणि तोंडावर सांगितलं की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मला ते टोकाचं वाटतं, सगळी मदत काही वाईट नसते, पण प्रत्येक नवीन बॅचला मी हे सांगतोच, कारण पोरांच्या डोक्यात आपण काहीतरी देऊन येतोय हे इतकं घट्ट बसलेलं असतं की आपण लोकांचा वेळ घेतोय हे त्यांच्या लक्षातच येत नाही. रोजंदारीवरचा माणूस तुमच्या बैठकीला दुपारी बसला तर त्याचा रोज बुडतो. बैठक घ्यायची तर संध्याकाळी घ्या, त्यांच्याकडे जाऊन घ्या, आणि वस्तीतली जी दोन-तीन माणसं तुमच्या पोरांना घेऊन फिरतात, ओळख करून देतात, भांडणं सोडवतात त्यांना मानधन द्या. फुकटचा सन्मान नको, शाल-श्रीफळ तर नकोच नको, रीतसर महिन्याचं मानधन. पाहुण्या वक्त्याला पाकीट देताना आपला हात थरथरत नाही ना, मग इथं का?

आता तासांकडे येतो, कारण सगळी विद्यापीठं इथंच अडकतात. आपल्याकडची राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांवर सुरू झाली, त्यात वर्षाला १२० म्हणजे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर. मेक्सिकोत तर पदवी घ्यायची असेल तर किमान ४८० तासांची समाजसेवा करावीच लागते, ती पण कमीत कमी सहा महिन्यांत पसरून, आणि याची सुरुवात १९३६ मध्ये मेडिकलच्या विद्यार्थ्यांना खेड्यात पाठवण्यापासून झाली. दोन्हीकडे हेतू चांगलाच आहे, पण तास मोजले की पोरं तास भरतात, हे कुठल्याही देशात तसंच. तासांवरून विद्यार्थ्यानं किती वेळ दिला ते कळतं, समोरच्याला काय मिळालं ते कळत नाही.

मेक्सिकोवाल्यांची एक गोष्ट मात्र मला पटते, तास पसरवायची. चाळीस पोरं एका रविवारी तीन तास आली तर कागदावर १२० तास झाले आणि वस्तीत सोमवारी सगळं होतं तसंच. तेच एक मुलगी दर बुधवारी चार ते सहा अशी वर्षभर आली, समजा तीस बुधवार, तर कागदावर फक्त ६० तास पण एव्हाना तिला दहा घरांतल्या पोरांची नावं, कुणाला गणितात काय अडतं, कुणाचा चष्मा फुटलाय, सगळं माहीत झालेलं असतं. म्हणून माझा हट्ट असतो की मोठे इव्हेंट वर्षातून दोनच, बाकी सगळं ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी. बुधवार म्हणजे बुधवार.

आणि शिकवणीचं काम घेणार असाल तर एक खड्डा आधीच दाखवतो, मी त्यात दोनदा पडलोय. ज्या आठवड्यात वस्तीतल्या पोरांची परीक्षा असते साधारण त्याच आठवड्यात आपल्या पोरांची पण परीक्षा असते, त्यामुळे वर्षभर गोड बोलून शिकवलं आणि नेमकी गरज असताना ताई-दादा गायब. लहान पोरांना हे फार लागतं, पुढच्या वर्षी ती तुमच्याकडे येतच नाहीत. यावर उपाय म्हणजे जोड्या लावा, एका जोडीत वेगवेगळ्या वर्षाचे किंवा वेगवेगळ्या विभागाचे दोघं ठेवा म्हणजे दोघांची परीक्षा एकाच दिवशी येणार नाही, आणि परीक्षेच्या तीन आठवड्यांसाठी निवृत्त शिक्षक किंवा कर्मचाऱ्यांमधले लोक आधीच सांगून ठेवा. जोडीचा दुसरा फायदा असा की लहान मुलांसोबत एकटा व्हॉलंटियर कधीच राहत नाही, हा नियम कितीही ओळखीचा मुलगा असला तरी मोडायचा नाही. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठंही टाकायचे नाहीत हे पण त्यातच आलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर कुणी बोलत नाही. विद्यापीठाकडे असं काय आहे जे वस्तीकडे नाही? हात तर त्यांच्याकडे आहेतच, त्या बाईंनी सांगितलंच होतं. विद्यापीठाकडे लॅब आहे, नकाशे आहेत, कायदा शिकलेले लोक आहेत, मोकळ्या खोल्या आहेत, मैदान आहे, आणि एखाद्या कागदावर विद्यापीठाचं नाव असलं की तो कागद कचेरीत वाचला जातो, हे पण आहे. हे द्या. झाडू कुणीही देईल.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं उदाहरण मी नेहमी देतो. २०१४ च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी नदीवरून घ्यायला सुरुवात झाली, पाणी पाइप खाऊ नये म्हणून जी प्रक्रिया करायची ती केली नाही, त्यामुळे जुन्या पाइपमधलं शिसं पाण्यात उतरायला लागलं. लोक ओरडत होते, पाण्याला रंग आहे, वास आहे, पोरांच्या अंगावर पुरळ येतंय, आणि अधिकारी सांगत होते की सगळं ठीक आहे. शेवटी तिथल्या एका आईनं व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मार्क एडवर्ड्स या प्राध्यापकांना गाठलं. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये नमुने घ्यायचे ३०० संच पाठवले, पण घरोघरी वाटले आणि गोळा केले ते फ्लिंटच्याच लोकांनी, आणि अडीचशेहून जास्त परत आले, असला प्रतिसाद आपल्या कुठल्या सर्व्हेला मिळतो सांगा. आकडे बाहेर आले, तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या रक्तातलं शिसं वाढल्याचं दाखवलं, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये शहराला पाण्याचा स्रोत परत बदलावा लागला. यात विद्यापीठानं काय दिलं तर मोजायचं यंत्र, मोजायची पद्धत आणि नाव. घरं, ओळखी, चिकाटी सगळी लोकांची.

तुमच्या केमिस्ट्रीच्या आणि मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये दर सेमिस्टरला प्रॅक्टिकल होतातच ना? पाण्याचे नमुने कुठून तरी आणताच, मग शेजारच्या विहिरीचं, नळाचं, हातपंपाचं आणा. फक्त नीट करा, जिवाणू तपासायचे तर बाटली निर्जंतुक हवी, नमुना थंड ठेवून लवकरात लवकर लॅबला पोचायला हवा, चोवीस तासांच्या पुढं तर नाहीच. शिसं बघायचं तर रात्रभर नळ बंद ठेवून पहाटेचं पहिलं पाणी धरायचं. आणि निकाल आधी त्या घराला, मग बाकी जगाला. एका पानावर, साध्या भाषेत, हे पाणी प्यायला चालेल का, नसेल तर आजपासून काय करायचं. आमच्याकडे एकदा एका संशोधक पोरानं निकाल आधी सेमिनारमध्ये दाखवला आणि ज्यांचं पाणी होतं त्यांना दुसऱ्याकडून कळलं, ती गल्ली परत आमच्याशी कधी बोलली नाही. बरोबरच केलं त्यांनी.

नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात विद्यापीठांनी 'विज्ञान दुकानं' काढली, नाव मजेशीर आहे पण कल्पना फार भारी, दुकानात गिऱ्हाईक येतं तसे लोक प्रश्न घेऊन येणार, कारखान्याच्या धुराचा त्रास होतोय, भिंतीला ओल येतेय, आमच्या भागात बस का कमी आहेत, आणि विद्यार्थी त्यावर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली संशोधन करणार. हे करायला नवीन इमारत लागत नाही. दरवर्षी शेकडो विद्यार्थी प्रोजेक्ट रिपोर्ट लिहितात, त्यातले निम्मे विषय मागच्या वर्षीचेच तारीख बदलून (आपल्यात राहू दे), तर वर्षाच्या सुरुवातीला वस्तीतून आलेल्या वीसेक प्रश्नांची यादी प्रत्येक विभागाला द्या आणि एका विद्यार्थ्याला तरी त्यातला विषय मिळेल एवढंच बघा. क्रेडिट द्यायचे का, असं पण विचारलंय प्रश्नात. अशा कामाला जरूर द्या, कारण तो अभ्यासच आहे. पोती उचलायला देऊ नका.

शाश्वततेवर आता थोडं कडू बोलतो. १९९० मध्ये फ्रान्समधल्या तालुआर या गावात विद्यापीठ प्रमुखांनी एकत्र येऊन दहा कलमी जाहीरनामा केला, तेव्हापासून जगभरातल्या शेकडो विद्यापीठांनी त्यावर सह्या केल्यात, चांगली गोष्ट आहे. पण शेजाऱ्याच्या नजरेनं बघा. त्याला विद्यापीठ म्हणजे काय? रस्त्यावर वाढलेल्या गाड्या, पोरांना खोल्या हव्यात म्हणून चढलेलं भाडं, कॅम्पसच्या खोल बोअरवेलमुळं खाली गेलेलं पाणी, होस्टेलमागनं वाहणारं सांडपाणी, आणि टर्म संपली की गेटबाहेर गाद्या, बादल्या, मोडक्या खुर्च्यांचा ढीग. तर शेजाऱ्यांना पर्यावरण शिकवायला जायच्या आधी आपण त्यांच्याकडून काय घेतो आणि त्यांच्या दारात काय टाकतो याचा हिशोब मांडा. किती पाणी उपसलं, किती सांडपाणी प्रक्रिया न करता गेलं, किती टन कचरा बाहेर पडला. आणि हा हिशोब शेजाऱ्यांसमोर वाचून दाखवा. हे कुठल्याच विद्यापीठाला आवडत नाही, मला एका ठिकाणी नम्रपणे सांगितलं गेलं की अशा बैठकीची आत्ता गरज नाही. पण जिथं झालं तिथं लोकांचा विश्वास एका दिवसात जेवढा वाढला तेवढा पाच वर्षांच्या शिबिरांनी वाढला नव्हता.

गाद्या-बादल्यांचं तर सोपं आहे हो. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०११ च्या सुमारास असा उपक्रम काढला की वर्षअखेरीला होस्टेल सोडणाऱ्यांच्या वस्तू गोळा करायच्या, सुट्टीभर ठेवायच्या आणि नवीन विद्यार्थी आले की स्वस्तात विकायच्या, त्या पैशातच पुढच्या वर्षीचा खर्च. करून बघणार असाल तर गोळा करणं अवघड नसतं, ठेवायला कोरडी आणि कुलूपबंद खोली मिळवणं अवघड असतं, दोन-तीन महिने ती खोली कुणी देत नाही. त्यामुळे आधी खोली, मग पोस्टर. आणि पहिल्या दिवशी शेजारच्या लोकांना येऊ द्या, विद्यार्थ्यांना दुसऱ्या दिवशी.

उरलेल्या अन्नाचं पण तसंच. अमेरिकेतल्याच मेरीलँड विद्यापीठात २०११ मध्ये मेसमधलं उरलेलं अन्न टाकून दिलं जातंय हे बघून विद्यार्थ्यांनी ते गरजूंपर्यंत पोचवायला सुरुवात केली, त्यातून फूड रिकव्हरी नेटवर्क उभं राहिलं. करा, पण शिजवलेलं अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात, त्यामुळे दोन तासांत एकतर पोचलं पाहिजे नाहीतर नीट थंड झालं पाहिजे, एवढी तयारी नसेल तर हात घालू नका, कुणाला विषबाधा झाली तर दहा वर्षांचं काम बुडतं. आणि त्याहून आधीचं काम म्हणजे ताटातलं उष्टं रोज तोलून आकडा मेसच्या दारावर लिहायचा. नुसता आकडा, उपदेश नको. माझ्या अनुभवात त्यानंच पोरं कमी वाढून घ्यायला लागतात.

झाडं लावण्यावर मी फार बोलत नाही, लोक नाराज होतात. इतकंच की लावलेली मोजू नका, दोन उन्हाळे गेल्यावर जगलेली मोजा, आणि त्याच खड्ड्यात तिसऱ्यांदा झाड लावणार असाल तर निदान पाहुणे तरी नवीन बोलवा.

खरेदीचा मुद्दा मात्र मोठा आहे आणि तो व्हॉलंटियरच्या यादीत कधी येतच नाही. विद्यापीठ वर्षभर किती गोष्टी विकत घेतं, साफसफाई, कपडे धुणं, छपाई, बागकाम, जेवण. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात २००८ मध्ये एव्हरग्रीन नावाच्या कामगारांच्या मालकीच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यात तिथली मोठी हॉस्पिटलं आणि केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ सोबत होतं, आणि सुरुवात कशापासून, तर लाँड्रीपासून, कारण हॉस्पिटलच्या चादरी रोज धुवाव्याच लागतात. बचत गटाला एकदा स्टॉल लावायला जागा देण्यापेक्षा वर्षाचं कंत्राट द्या आणि बिल तीस दिवसांत चुकतं करा. विद्यापीठाचं बिल सहा महिने अडकलं तर लहान गट कर्जात जातो, हे मी बघितलंय, आणि त्या वेळी लेखा विभागाशी भांडणं हीच सगळ्यात मोठी समाजसेवा असते.

संकटाच्या वेळचं एक वेगळं सांगतो. न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला ४ सप्टेंबर २०१० ला मोठा भूकंप झाला, तेव्हा कँटरबरी विद्यापीठातल्या सॅम जॉन्सन नावाच्या विद्यार्थ्यानं फेसबुकवर पोरं गोळा केली, आणि २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात, ज्यात १८५ माणसं गेली, हीच स्टुडंट व्हॉलंटियर आर्मी हजारोंच्या संख्येनं उतरली. ते यशस्वी का झालं? तिथं जमिनीतून वर आलेला गाळ घराघरांच्या अंगणात साचला होता, तो फावड्यानं उचलून ढकलगाडीनं रस्त्यावर आणायचा होता. म्हणजे काम साधं, हजार हातांचं, दोन मिनिटांत शिकता येणारं, कुणाच्या दारात जायचं ते ठरलेलं. ढिगाऱ्याखालून माणसं काढायचं काम शिकलेल्या लोकांवर सोडलं. इथं दोनशे पोरं लागतात, बघा, मी काही गर्दीच्या विरोधात नाही. आणि ती संघटना नंतरही टिकली कारण फेब्रुवारीच्या भूकंपाच्या आधीच्या साडेपाच महिन्यांत तिचं तंत्र बसलेलं होतं. तुमच्याकडे पूर येवो न येवो, फोनची यादी आणि फावडी आधी तयार ठेवा.

आता अडचण एकच राहते, पण तीच सगळ्यात अवघड. विद्यार्थी तीन वर्षांत जातो, कुलगुरू पाच वर्षांत जातात, वस्ती तिथंच असते. दर जूनला नवीन पोरं येऊन त्याच घरांत जाऊन तेच प्रश्न विचारतात, लोक हसतात. त्यामुळे एक तरी पगारी माणूस असा ठेवा ज्याची बदली होणार नाही आणि ज्याचा फोन नंबर वस्तीत सगळ्यांकडे आहे. प्राध्यापकावर जादा जबाबदारी म्हणून हे टाकू नका, पेपर तपासणी आली की तो बिचारा गायब होतो. समितीत निम्मे लोक वस्तीतले ठेवा. आणि गेटवर सांगून ठेवा. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या समितीतल्या एका आजोबांना वॉचमननं पहिल्याच बैठकीला गेटवर अडवून अर्धा तास उभं केलं होतं, ओळखपत्र नाही म्हणून, आणि आत आम्ही लोकसहभागाचं प्रेझेंटेशन लावून त्यांची वाट बघत होतो.

आणि वही. जुनीच पद्धत, पण मी सोडली नाही. प्रत्येक गल्लीची एक, निघणारी बॅच येणाऱ्या बॅचला हातात देते, त्या दिवशी दोन्ही बॅच मिळून गल्लीतून एक फेरी मारतात आणि जुने नव्यांची ओळख करून देतात. त्यात लोकांचं खासगी काही लिहायचं नाही, आजार, कर्ज, भांडणं काही नाही, आणि जे लिहिलंय ते त्या घरानं वाचायला मागितलं तर दाखवता आलं पाहिजे. कोणतं काम अर्धवट राहिलंय, कुणाला काय शब्द दिलाय आणि कधीपर्यंत, नळाची तक्रार कुठल्या टेबलावर आहे, एवढंच. एका वहीत कुणीतरी पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं, तिसऱ्या घरातल्या आजींना हाक मारल्याशिवाय आत जाऊ नका, कोंबड्या बाहेर पळतात आणि मग तुम्हालाच धराव्या लागतात. पुढच्या चार बॅचनी त्याखाली आपापली भर घातलीय.